आंत्रपुच्छदाहाच्या निदानात रक्ताची साक्ष

पोटदुखी ही ग्रामीण भागातील नित्याची तक्रार आहे. ओवा, हिंग, एरंडेल असे घरगुती उपाय आधी केले जातात आणि पुष्कळदा दुखणे थांबतेही. परंतु काही वेळा या दुखण्याचे मूळ आंत्रपुच्छाच्या, म्हणजे सर्वपरिचित 'अपेंडिक्स'च्या दाहात असते. अशा प्रसंगी घरी काढलेला एक दिवस रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. हा विकार कोणत्याही वयात होत असला, तरी १० ते ३० वर्षे या वयोगटात तो अधिक आढळतो. त्यामुळे शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांनाही त्याची माहिती असणे अगत्याचे आहे. निदानासाठी रक्ततपासणीचा मोठा आधार मिळतो. मात्र त्या आधाराच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत.

रोगाचे स्वरूप

लहान आतडे मोठ्या आतड्यास जेथे मिळते, तेथे पोटाच्या उजव्या बाजूस खाली करंगळीसारखी एक नळी असते. तिचे एक टोक बंद असते. कठीण झालेल्या मळाच्या खड्यामुळे, सुजलेल्या ग्रंथींमुळे किंवा क्वचित जंतामुळे तिचे तोंड बुजले, की आत स्राव साचतो, दाब वाढतो, रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतू फोफावतात. पुढे नळीची भिंत कुजून फुटते व पू उदरपोकळीत पसरतो. बोस्टन येथील डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये या रोगाचे स्वरूप स्पष्ट करून त्याला आजचे नाव दिले. वेदना प्रथम बेंबीभोवती जाणवणे, काही तासांनी ती उजवीकडे खाली सरकणे, अन्नावरची वासना उडणे, मळमळ आणि बारीक ताप ही त्याची नेहमीची लक्षणे होत.

रक्तातील खुणा

शरीरात दाह सुरू झाला, की त्याचे पडसाद रक्तात उमटतात. पहिली खूण म्हणजे श्वेतपेशींची संख्या. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एक घनमिलिमीटर रक्तात सामान्यतः ४,००० ते ११,००० श्वेतपेशी असतात. आंत्रपुच्छदाहात ही संख्या बहुधा १०,००० च्या वर जाते आणि त्यांतील न्यूट्रोफिल पेशींचे प्रमाण ७५ टक्क्यांहून अधिक होते. ही तपासणी स्वस्त व झटपट होणारी आहे. तथापि न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग यांतही ही संख्या वाढते. गर्भवती स्त्रियांत ती मुळातच वाढलेली असते. उलट, वृद्धांत रोग बळावला तरी ती फारशी वाढत नाही.

दुसरी खूण म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस या संशोधकांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात याचा शोध लावला. हे प्रथिन यकृतात तयार होते. दाह सुरू झाल्यावर साधारण ६ ते १२ तासांनी ते वाढू लागते आणि सुमारे ४८ तासांनी कमाल पातळी गाठते. म्हणून दुखणे नुकतेच सुरू झाले असता याचा अहवाल निर्दोष येऊ शकतो. श्वेतपेशी लवकर बोलतात, हे प्रथिन उशिरा बोलते. पण रोगाची तीव्रता हे प्रथिन अधिक चांगली सांगते. दोन्ही अहवाल सामान्य असतील, तर आंत्रपुच्छदाहाची शक्यता बरीच कमी होते. ती नाहीशी मात्र होत नाही.

तिसरी खूण बिलिरुबिनची आहे. आतड्यातील जंतू व त्यांची विषद्रव्ये रक्तावाटे यकृतात पोहोचली, की त्याचे प्रमाण वाढते. यकृताचा अन्य विकार नसताना ही वाढ दिसली, तर आंत्रपुच्छ कुजले किंवा फुटले असल्याचा संशय बळावतो. प्रोकॅल्सिटोनिन ही महागडी तपासणीही निदानापेक्षा गुंतागुंत ओळखण्यासच अधिक उपयोगी पडते.

गुणांची पद्धत

केवळ रक्तावरून निदान होत नाही. डॉ. आल्फ्रेडो अल्वाराडो यांनी १९८६ मध्ये १० गुणांची एक पद्धत मांडली. तीत ७ गुण लक्षणांना व शारीरिक तपासणीला असून ३ गुण रक्ताला आहेत. एकूण ४ पर्यंत गुण असल्यास शक्यता कमी, ५ किंवा ६ असल्यास रुग्णास देखरेखीखाली ठेवावे आणि ७ वा अधिक असल्यास रोग संभवनीय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. २००८ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेल्या दुसऱ्या पद्धतीत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनचाही समावेश झाला. शंका उरल्यास सोनोग्राफी किंवा सी. टी. स्कॅन केला जातो, तसेच काही तासांनी पुन्हा रक्त तपासले जाते. चढत जाणारे आकडे एकाच आकड्यापेक्षा अधिक बोलके असतात.

तीव्रता ठरविणे महत्त्वाचे, कारण उपचार त्यावर अवलंबून असतात. साध्या दाहात निवडक रुग्णांना प्रतिजैविके देऊन शस्त्रक्रिया टाळता येते. तथापि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा दर १० रुग्णांपैकी सुमारे तिघांना ९० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावी लागली. आंत्रपुच्छ फुटून पू पसरला असेल, तर मात्र शस्त्रक्रियेला विलंब करून चालत नाही.

गावपातळीवर काय करावे

१. बेंबीभोवतीचे दुखणे उजवीकडे खाली सरकले, तर रुग्णास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

२. एरंडेल किंवा अन्य जुलाब देऊ नये, पोट चोळू नये. डॉक्टरांनी तपासेपर्यंत खाण्यास काही देऊ नये.

३. तीव्र दुखणे एकाएकी थांबले म्हणून निर्धास्त होऊ नये. आंत्रपुच्छ फुटल्यावरही थोडा वेळ आराम वाटतो.

४. प्राथमिक आरोग्य केंद्रातील रक्ताचा अहवाल सोबत द्यावा. परंतु अहवालासाठी रुग्णास अडवून ठेवू नये. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेचा लाभ घ्यावा.

रक्त ही निदानातील मोलाची साक्ष आहे. निवाडा मात्र रुग्णाचे पोट तपासणाऱ्या डॉक्टरांनीच करावयाचा असतो. तो वेळेवर व्हावा, यासाठी रुग्णास वेळेवर पोहोचविणे हे गावाचे कर्तव्य होय.