शनवार तेल्यांची मंडळी

पाठ: अनुवाद ६:४-९, लेवीय ११:९-१२, नहेम्या ८:१-१२

सातारा व सांगली जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांस भेटी देत असता एक प्रश्न आमच्या कानी वारंवार पडतो. "पाळकसाहेब, आता येथे राहिलेच कोण?" तरुण पुण्यामुंबईस गेले, काही कारखान्यांच्या वसाहतींत राहिले, उरलेल्यांस रविवारीच बाजार किंवा रविवारीच मजुरी. उपासनेस बसणारी पाच-सात डोकी, त्यांत दोन लेकरे. अशा ठिकाणी धीर धरा एवढेच सांगून निघून जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून ह्या पाठात आम्ही आपणांस घाटाखाली नेणार आहो. महाबळेश्वरावरून आंबेनळी घाट उतरले की पोलादपूर, महाड लागते, आणि तेथून उत्तरेकडे रोहे, रेवदंडा, अलिबाग, पेण. ह्या मुलुखात आपल्यासारखीच मराठी बोलणारी एक लहानशी यहूदी मंडळी शतकानुशतके राहत आली. तिचे नाव बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची संताने.

त्यांची परंपरा अशी की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि मेलेल्यांस त्यांनी तेथेच मूठमाती दिली. हे कोणत्या शतकात घडले याविषयी विद्वानांचे एकमत नाही, आणि आमच्या पाठास त्याची गरजही नाही. आमच्या कामाची गोष्ट ही की, वाचलेल्यांजवळ ग्रंथ नव्हता. जे काही लिहिलेले होते ते समुद्रात गेले, असे ते सांगत. पुढे इब्री भाषाही गेली. याजक नाही, शास्त्री नाही, सभास्थान नाही. ते कोकणी गावांत पसरले, तेलाचा घाणा चालवू लागले, लुगडे नेसू लागले, आणि गावांवरून त्यांस पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, अष्टमकर अशी आडनावे पडली.

तरी ते नाहीसे झाले नाहीत. का?

शेजाऱ्यांनी त्यांस दिलेल्या नावातच याचे उत्तर आहे. कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली होते, ते सोमवार तेली. हे शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून हे शनवार तेली. सहा दिवस फिरणारा बैल सातव्या दिवशी सोडलेला असे, आणि त्या दिवशी तेलास आलेले गिऱ्हाईक रिकामे परत जाई. हातावर पोट असलेल्या माणसास आठवड्यातला एक दिवस सोडणे म्हणजे मिळकतीचा सातवा हिस्सा सोडणे होय. हे पिढ्यानुपिढ्या, आणि ज्या आज्ञेने ते सोडावयाचे ती वाचून दाखविणारा कोणी नसता! आमच्या मंडळ्यांत प्रभुवारविषयी पुष्कळ बोलणे होते. ज्यांच्या शेतावर ऊसतोडीची टोळी उभी आहे त्यांस त्या दिवसाची किंमत काय पडते हे आम्ही जाणतो, आणि म्हणूनच ह्या तेल्यांपुढे आम्ही आदराने उभे राहतो.

मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने १७३८ साली ह्या लोकांविषयी ऐकीव माहिती लिहून ठेविली. त्यांच्याजवळ शास्त्र नाही, इब्री ते जाणत नाहीत, केवळ 'शेमा' म्हणतात, असा तिचा भाव. शेमा म्हणजे अनुवाद ६:४ ह्या वचनाचा आरंभ. पुढे १७६८ साली कोचीनच्या रहाबी घराण्यातील एका यहूदी व्यापाऱ्याच्या पत्रातही जवळजवळ हेच आढळते. तेवढे एक वाक्य त्यांच्याकडे राहिले होते. सुंतेच्या वेळी तेच, लग्नात तेच, मयताच्या उशाशीही तेच. अर्थ पुरता कळत नसताही ते म्हटले जाई, आणि मुले ते आईबापांच्या तोंडून शिकत. अनुवादाच्या त्याच अध्यायात पुढे ही वचने घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता मुलांस शिकवावी असे सांगितले आहे. ग्रंथ बुडाल्यावरही त्या आज्ञेची रीत ह्या घरांतून चालत राहिली, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

सणांचेही तसेच. त्यांची इब्री नावे विसरली गेली, परंतु सण विसरले गेले नाहीत. त्यांस मराठी नावे मिळाली. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस तो दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, उपास धरून, दारे लावून घरात राहावयाचे. यरुशलेमेच्या मंदिराच्या नाशाचा शोक ज्या दिवशी करावयाचा, त्या दिवसाचे नाव बिरड्याचा रोजा, कारण त्या वेळी वालाचे बिरडे जेवणात असे. वल्हांडणाची तर गंमतच आहे. बेखमीर भाकरीचे कारण विसरले गेले, पण त्या दिवसांत आंबट कालवणाचे मडके झाकून ठेवावयाचे हे राहिले, आणि सणाचे नाव पडले अनशी ढाकाचा सण. मिसर देशातून सुटका, मोशे, तांबडा समुद्र हे सर्व स्मरणातून गेले आणि मडक्यावरचे झाकण राहिले, असे म्हणून कोणी हसेल. आम्ही हसणार नाही. त्या झाकणाखाली काय आहे असे एखाद्या पोराने आजीस विचारिले असेल, आणि आजीस ते सांगता आले नसेल. तरी पुढील वर्षी तिने मडके पुन्हा झाकले.

ह्यांस ओळखणारा मनुष्य दावीद रहाबी, असे त्यांची परंपरा सांगते. तो केव्हा आला याविषयी मतभेद आहेत. कोणी त्यास फार मागे नेतात, कोणी अठराव्या शतकात आणितात. त्याने म्हणे घरच्या स्त्रियांपुढे नाना प्रकारची मासळी ठेविली व रांधावयास सांगितले. त्यांनी पंख व खवले असलेली मासळी निवडून घेतली आणि उरलेली बाजूस सारिली. लेवीय ११ त्यांनी कधी वाचले नव्हते. रहाबीची खात्री पटली, आणि त्याने झिराटकर, शापूरकर व राजपूरकर ह्या तीन घराण्यांतील पुरुषांस शिकवून काझी नेमिले. येथे परीक्षा पुरुषांची झाली नाही, चुलीपाशी झाली, ही गोष्ट आमच्या पंचमंडळींनी पुन्हा एकदा वाचावी.

काझी गावोगाव फिरून लग्ने लावीत, सुंता करीत, भांडणे तोडीत. पुढे प्रत्येक ठिकाणच्या जमातीत मुकादम, चौगुले, पैशाचा हिशेब ठेवणारा गबाई, प्रार्थना चालविणारा हझान व सेवक समाश अशी व्यवस्था बसली. चौगुला हे नाव आमच्या वाचकांस परके नाही. ते आपल्याच गावगाड्यातले होय. तंटा झाला तर तो जमातीपुढे येई, दंड होई, आणि दंड भरल्यावर त्यास पुन्हा पंगतीस घेत.

ही सर्व गोष्ट गोड आहे असे मात्र नव्हे. ह्या लहानशा मंडळीत गोरे इस्राएल व काळे इस्राएल असा भेद होता. बाहेरच्या जातीतील स्त्रीपासून झालेल्या संततीस काळे म्हणत, त्यांशी बेटीव्यवहार नसे, आणि रोटीव्यवहारही टाळला जाई. मूठभर माणसांनी मूठभरांतही वाटणी करावी! आमच्या मंडळ्यांत पूर्वीच्या जातीवरून सोयरीक ठरविणारे अजून आहेत, म्हणून ह्या विषयी आम्ही दुसऱ्यास बोल लावीत नाही. पुढे हेच माप त्यांच्याही पदरी पडले. १८३६ साली मुंबईतील बगदादी यहूद्यांच्या पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की, दफनभूमीत आमच्या व बेने इस्राएलांच्या जागेमध्ये भिंत घालावी.

त्यांचे पहिले सभास्थान १७९६ साली मुंबईस उभे राहिले. शमुवेल यहेज्केल दिवेकर हा कंपनीच्या फौजेतील अंमलदार टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला होता. सुखरूप सुटलो तर देवाचे घर बांधीन असा त्याने नवस केला, असे सांगतात. त्या सभास्थानाचे नाव दयेचे द्वार. नियमशास्त्राच्या गुंडाळ्या आणण्यासाठी तो कोचीनला गेला, आणि १७९७ साली तेथेच वारला. म्हणजे त्यापूर्वी कित्येक शतके ह्या मंडळीस इमारतच नव्हती. छप्पर गळते, कंपाउंड पडले, म्हणून आमची मंडळी मोडली असे लिहून कळविणाऱ्या बंधूंनी एवढा हिशेब मनात ठेवावा.

ह्यानंतर आमच्या मिशनांचा भाग येतो, आणि तो सरळपणे सांगितला पाहिजे. अमेरिकन मिशनने मुंबईत व कोकणात शाळा घातल्या, त्यांत बेने इस्राएल मुले शिकली व बेने इस्राएल शिक्षकही होते. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून इब्री व्याकरण छापिले. जुना करार मराठीत मिळू लागला. नहेम्याच्या ८ व्या अध्यायात लोक नियमशास्त्र ऐकून रडले असे वर्णन आहे. आपल्या झाकलेल्या मडक्याचे कारण निर्गमाच्या पुस्तकात स्वतःच्या भाषेत वाचताना ह्या लोकांस काय वाटले असेल याची कल्पना करावी. मिशनऱ्यांची आशा अशी होती की, ग्रंथ हाती आल्यावर हे ख्रिस्ताकडे येतील. आले फारच थोडे. बाकीच्यांनी ग्रंथ घेतला, व्याकरण घेतले, शाळा घेतली, आणि ते अधिक जाणते यहूदी झाले. काही वाचकांस ह्याचा खेद वाटेल. आम्हांस तो वाटत नाही, हे म्हणण्यास आम्ही कचरत नाही. भुकेल्यास दिलेली भाकर त्याच्या अंगी लागली तर देणाऱ्याने तक्रार काय करावी?

मग कामे भराभर झाली. १८४६ साली मुंबईस व १८७४ साली पुण्यास वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा मराठी भाषांतरासह निघाली. योसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी इब्री प्रार्थनापुस्तके मराठीत आणिली. हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढिली. आपल्या लोकांचा इतिहासही त्यांनी लिहिला. तो त्यांच्या मरणानंतर, १९३७ साली, तेल अवीव येथे छापला गेला. आणि १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तने होऊ लागली, झांज-पेटीसह, ओव्या-साक्यांसह. कीर्तनाची गोडी आमच्या मंडळ्यांस सांगावयास नको.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुतेक लोक तिकडे गेले. तेथे त्यांस निराळीच परीक्षा द्यावी लागली. १९६२ साली तेथील धर्माधिकाऱ्यांनी फर्मान काढिले की, बेने इस्राएलाशी विवाह लावण्यापूर्वी त्याच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी ग्रंथावाचून शब्बाथ राखिला त्यांस ग्रंथवाल्यांनी विचारावे, तुम्ही खरेच यहूदी काय? त्यांनी हात उगारिला नाही. ते यरुशलेमेत ठाण मांडून बसले. १९६४ च्या ऑगस्टात तेथील लोकसभेने ठराव केला की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहूदी होत. पाठोपाठ फर्मानातून त्यांचे नाव काढण्यात आले. नवगावच्या सात जोडप्यांच्या नातवंडांनी हे बसूनच मिळविले.

भारतात आता सर्व प्रकारचे यहूदी मिळून पाच हजारांहून कमी आहेत. १९५१ च्या जनगणनेत ते वीस हजारांवर होते. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. कोकणात रेवदंडा, पेण, अलिबाग येथील सभास्थाने उभी आहेत. अलिबागेत तर इस्राएल आळीच आहे. परंतु त्यांच्या नियमाप्रमाणे पूर्ण सार्वजनिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी दहा भरत नाहीत. तेव्हा सणासुदीस मुंबई-ठाण्याहून माणसे येतात. विटे-आटपाडीकडील गलाई कारागीर देशभर विखुरले तरी जत्रेस गावी परततात, तसेच हे. आमच्या मंडळ्यांतील पुण्यामुंबईकर नाताळास येतात. तेवढ्यावर न थांबता वर्षातून आणखी दोन रविवार, गावच्या मंडळीने आधीच ठरवून कळविलेले, त्यांनी यावे असे सुचविण्यास हरकत नसावी. बोलावणे मात्र गावाकडून गेले पाहिजे. जे राहिले आहेत तेच यजमान, मग ते तीन घरांचे का असेनात.

जेथे दहा भरत नाहीत तेथेही घरी एक विधी चालतो, त्यास मलिदा म्हणतात. ताटात भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, सुका मेवा व पाच प्रकारची फळे मांडतात, एलीया संदेष्ट्याचे स्तवन गातात, आशीर्वाद म्हणून वाटून खातात. नवस फेडताना, लग्नापूर्वी, नव्या घरात जाताना हे ताट मांडले जाते. अलिबागजवळ खंडाळे येथे एक खडक आहे. एलीयाच्या रथाची खूण त्यावर उमटली असे ते मानितात. लोद आणि बैरशेबा येथे जन्मलेली, इब्री बोलणारी, पेणकर व रोहेकर म्हणविणारी माणसे आजही त्या खडकापाशी येतात, सोबत पोहे आणि नारळ घेऊन.