ग्रीक लोकांचे राक्षस

राक्षसांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दहा तोंडांचा रावण आपल्याला माहीत आहे. रक्ताचा थेंब सांडला की ज्यातून नवा दैत्य उभा राहतो, तो रक्तबीजही माहीत आहे. अशा गोष्टी साऱ्या जगात आहेत. आज आपण ग्रीक लोकांचे तीन राक्षस पाहू या.

ग्रीस हा युरोपातला देश. त्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे. डोंगर पुष्कळ, सपाट जमीन थोडी. म्हणून तिथले लोक गलबते घेऊन दूरदूर जात. परक्या किनाऱ्यावर काय असेल, याची त्यांना धास्ती वाटे. त्यांच्या राक्षसांच्या गोष्टी सुमारे २७०० वर्षांपासून काव्यांतून चालत आल्या आहेत.

एका डोळ्याचा राक्षस

ओडिसिअस नावाचा राजा लढाई संपवून घरी निघाला होता. वाटेत तो बारा सोबती घेऊन एका गुहेत शिरला. ती गुहा पॉलिफेमस राक्षसाची होती. तो मेंढ्या राखी. त्याला एकच डोळा होता. संध्याकाळी मेंढ्या आत घेऊन त्याने गुहेच्या तोंडाशी भली मोठी धोंड लावली. मग दर जेवणाला दोन माणसे, अशी सहा माणसे त्याने खाल्ली.

राक्षस झोपला की त्याला मारावे, असे ओडिसिअसच्या मनात आले. पण मग धोंड कोण हलवणार? सगळेच आत अडकले असते. त्याने डोके चालवले. राक्षसाला दारू पाजली. राक्षसाने नाव विचारले. हा म्हणाला, "माझं नाव 'कोणी नाही'." राक्षस झिंगून पडताच यांनी तापलेला सोट त्याच्या डोळ्यात खुपसला. तो बोंबलला. शेजारचे राक्षस धावत आले. "कोण मारतंय रे तुला?" "कोणी नाही!" मग काय, शेजारी परत गेले!

सकाळी मेंढ्या बाहेर सोडताना आंधळा राक्षस त्यांच्या पाठी चाचपून पाहत होता. माणसे मेंढ्यांच्या पोटाला चिकटून निसटली.

हे राक्षस सिसिली बेटावर राहत, असे पुढचे ग्रीक म्हणत. त्या बेटावरच्या गुहांत बुटक्या हत्तींची फार जुनी हाडे सापडतात. त्यांतला सर्वांत लहान जातीचा हत्ती माणसाच्या कमरेएवढाच होता. हत्तीच्या कवटीला सोंडेच्या जागी मधोमध मोठे भोक असते. ज्याने हत्ती कधी पाहिला नाही, त्याला ती एका डोळ्याची खाच वाटेल. ऑस्ट्रियातले विद्वान ओथेनिओ आबेल यांनी १९१४ साली असा तर्क मांडला. हा तर्कच आहे, त्याला पक्का पुरावा नाही. पण तो पटण्यासारखा आहे.

आग ओकणारी किमेरा

किमेरा पुढून सिंह, मध्ये बकरी आणि मागून साप होती. तिच्या तोंडातून जाळ निघे. बेलेरोफॉन नावाच्या वीराने पंखांच्या घोड्यावर बसून तिला वरून मारले, अशी गोष्ट आहे.

ही किमेरा लिशिया प्रांतात होती, असे ग्रीक सांगत. तो भाग आज तुर्कस्तानात आहे. तिथे एका डोंगराच्या खडकांतून आजही रात्रंदिवस आग निघते. सुमारे १९५० वर्षांपूर्वी प्लिनी या रोमन लेखकाने या आगीची नोंद केली आहे. आज तिथले लोक त्या जागेला 'जळता दगड' म्हणतात. खडकाच्या भेगांतून मिथेन वायू वर येतो आणि पेटतो. आपल्या गोबरगॅसमध्येही मुख्यतः हाच वायू असतो. ज्या वायूवर आपली भाकरी भाजते, त्याच वायूच्या जाळात पूर्वीच्या माणसांना राक्षसीण दिसली असावी.

नऊ डोक्यांचा हायड्रा

लेर्ना गावाजवळ दलदल होती. तिच्यात हायड्रा नावाचा नऊ डोक्यांचा सर्प राही. हेराक्लिस हा मोठा बलवान वीर त्याला मारायला गेला. त्याने एक डोके तोडले, तर तिथे दोन उगवली. जितके तोडावे, तितके वाढे. शेवटी त्याने पुतण्याला हाक मारली. हा डोके तोडी आणि पुतण्या लगेच मशालीने मान डागी. मग नवे डोके उगवेना. एक डोके अमर होते. ते हेराक्लिसने धोंडेखाली पुरले.

लेर्नाच्या दलदलीत पुष्कळ झरे होते. एक बुजवला की पाणी दुसरीकडून फुटे. हीच हायड्राची डोकी, असे काही जुन्या पंडितांनी म्हटले आहे. दलदलीतून येणारा हिवताप म्हणजेच हायड्रा, असे काहींना वाटते.

हिवताप घाणेरड्या हवेने येतो, असे लोक पूर्वी समजत. १८९७ साली डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी आपल्याच देशात, सिकंदराबादला, डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. तेव्हा खरा वैरी सापडला. आजही एकाला औषध दिले आणि दारचे डबके तसेच ठेवले, तर आणखी दोघे तापाने पडतात. डोके तोडले, पण मान डागायची राहिली!

त्या जुन्या माणसांना आपण हसू नये. त्यांनी हाडे पाहिली, आग पाहिली, तापाने माणसे मरताना पाहिली. कारण ठाऊक नव्हते, म्हणून भीतीला त्यांनी राक्षसाचे रूप दिले. आपल्याला कारण शोधता येते, विचारता येते आणि आता वाचताही येते.

प्रश्न

१. ओडिसिअसने झोपलेल्या राक्षसाला का मारले नाही?
२. खडकातून आग कशी निघते?
३. आपल्या घराजवळ पाणी कोठे साचते? ते कसे काढाल?