दूर गावाहून घरचा संगणक उघडेनासा झाल्यास दोष कसा शोधावा

शेतीच्या जमाखर्चाच्या चोपड्या जाऊन त्यांची जागा पुष्कळ घरी आता संगणकाने घेतली आहे. मजुरांची हजेरी, आडतीच्या पट्ट्या, पीककर्जाचे हप्ते, मोजणीचे नकाशे हे सर्व त्या एका पेटीत राहते. घरातील शिकलेली मुले नोकरीनिमित्त पुण्यास किंवा त्याहून दूर असल्यामुळे ती पेटी तेथून उघडता यावी, अशी सोय करून घेण्याची चाल पडत आहे. या सोयीस 'रिमोट डेस्कटॉप' म्हणतात. वाशीच्या संगणकाचा पडदा पुण्यास जसाच्या तसा दिसतो व तेथे बसून त्यावर काम करता येते. सोय उत्तम खरी. परंतु ती बंद पडली म्हणजे दोष कोठे आहे हे उमगत नाही, आणि न उमगता केलेल्या खटपटीत मूळ दोषाहून मोठी हानी होण्याचा संभव असतो. म्हणून या विषयाची थोडी माहिती वाचकांस सादर करीत आहोत.

आमच्या वाशीच्या घरी हा प्रसंग एका ज्येष्ठ महिन्यात आला. वळवाच्या पावसात रात्री वीज गेली, पहाटे आली, आणि त्या दिवसापासून पुण्याहून संगणक उघडेना. बी-बियाणे घेण्याचे दिवस. बँकेत कागद देण्याची घाई. आम्ही प्रथम पासवर्ड बदलला, तो निरुपाय झाला. मग राउटरच्या पाठीमागील बारीक छिद्रात टाचणी घालून तो नव्याने सुरू केला. तीन दिवस असे गेल्यावर ध्यानात आले की, संगणक मुळी सुरूच नव्हता! त्याचा पडदा एरवीही काळाच असे, म्हणून कोणी पाहिले नाही. तो सुरू केला तरी काम होईना. कारण टाचणी घालून आम्ही राउटरमधील सर्व मांडणी पुसून टाकली होती. मूळचा दोष एक, आमच्या हातचा दुसरा.

शेवटच्या वाफ्यास पाणी पोचले नाही म्हणजे दारे धरणारा जाणता गडी वाफा उकरीत बसत नाही. तो मोटारीपासून निघतो आणि पाटाच्या कडेने पाहत येतो. येथेही तसेच करावयाचे आहे.

पहिली तपासणी विजेची. वीज परत आल्यावर आपण होऊन सुरू होण्याची योजना बहुतेक टेबलावरील संगणकांत असते. परंतु ती मुळात बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना येणाऱ्या बायोस नावाच्या मांडणीत जाऊन ती चालू करावी लागते. दुसरे असे की, काही वेळ काम न झाल्यास संगणक झोपी जातो, आणि झोपी गेलेला संगणक पुण्याच्या हाकेस ओ देत नाही. पडदा मालवू द्यावा. संगणकास झोपू देऊ नये. राउटर इन्व्हर्टरवर असला तरी इंटरनेट पुरविणाऱ्याची गावातील पेटी विजेवाचून बंद पडली असेल, तर घरच्या इन्व्हर्टरचा काही उपयोग नाही, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरी तपासणी घरातल्या घरात करावी, आणि आमच्या मते सर्वांत उपयोगाची हीच. घरच्याच वायफायवर दुसरा संगणक किंवा मोबाईल घेऊन त्यावरून हा संगणक उघडून पाहावा. येथेच उघडत नसेल तर दोष संगणकात आहे. बाहेरच्या कोणास बोल लावू नये. विंडोजची 'होम' आवृत्ती दुसऱ्याचा संगणक उघडू शकते, पण स्वतः या रीतीने उघडली जात नाही. त्यास 'प्रो' आवृत्ती लागते. विकत घेताना हे कोणी सांगत नाही. तसेच पासवर्डच न ठेवलेल्या खात्यास बाहेरून प्रवेश मिळत नाही, आणि रोज दाबावयाचा चार आकडी पिन येथे चालत नाही. खात्याचा पूर्ण पासवर्ड द्यावा लागतो. पिनच्या सवयीने पासवर्ड विसरलेली मंडळी आमच्या पाहण्यात आहेत.

घरात उघडतो पण बाहेरून उघडत नाही, असे झाल्यास दोष राउटरात किंवा त्यापुढे आहे. राउटर घरातील प्रत्येक यंत्रास 192.168 ने आरंभ होणारा एक पत्ता देतो, आणि वीज जाऊन आल्यावर तो बदलू शकतो. मग बाहेरून आलेली हाक जुन्या पत्त्यावर जाऊन वाया जाते. यावर उपाय म्हणजे राउटरमध्ये आपल्या संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवणे. ही परीक्षा मात्र मोबाईलचे वायफाय बंद करून सिमच्या इंटरनेटवरून करावी. कित्येक राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ देत नाहीत, त्यामुळे घरी बसून बाहेरचा पत्ता चालवून पाहणारा व्यर्थ फसतो.

याउपर एक अडचण अशी आहे की, तीत घरच्याचा काही दोष नसतो. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे 429 कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी 2011 मध्ये वाटून संपला. म्हणून पुष्कळ पुरवठादार अनेक घरांस मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. मोठ्या वाड्यास एकच पत्ता असावा आणि पत्रावर बिऱ्हाडाचे नाव नसावे, तसे होते. टपालवाला दाराशी येऊन परत जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. राउटरच्या मांडणीत दिसणारा बाहेरचा पत्ता आणि बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळास दिसणारा आपला पत्ता निराळे असतील, अथवा राउटरमधील पत्ता 100.64 ते 100.127 यांमधील असेल, तर असा सामायिक पत्ता आपल्या वाट्यास आला आहे असे समजावे. मग राउटरमध्ये कितीही फेरफार करा, व्यर्थ होय. पुरवठादाराकडे जादा आकार भरून स्वतंत्र पत्ता मागावा. किंवा टेलस्केल अथवा क्रोम रिमोट डेस्कटॉप यांसारखी, दोन्ही टोकांनी बाहेर हाक मारून मध्ये भेटणारी योजना घ्यावी. दुसरीत 'होम' आवृत्तीचीही अडचण येत नाही.

येथे एका मोहापासून वाचकांनी दूर राहावे. रस्ता लागत नाही असे पाहून कोणी सल्ला देतो की, राउटरमध्ये 3389 क्रमांकाचे दार सर्वांस उघडे करा. काम होते, पण गुरे आत येत नाहीत म्हणून कुंपणच मोडण्यासारखे ते आहे. अशी उघडी दारे शोधीत फिरणारे कार्यक्रम रात्रंदिवस चालू असतात. मे 2019 मध्ये विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतील याच सोयीत 'ब्लूकीप' नावाचे भगदाड आढळले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने 2014 सालीच देखभाल सोडलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. यावरून धोक्याची कल्पना यावी. विंडोज 10 ची सर्वसाधारण देखभालही 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली आहे. अशा संगणकाचे दार थेट बाहेर उघडू नये.

दुसरा धोका माणसांचा. मदतीसाठी इंटरनेटवर सापडलेल्या क्रमांकास फोन केला, त्याने एक ॲप घालावयास सांगितले, आणि पडदा त्याच्या हाती जाऊन खाते रिकामे झाले, असे प्रकार घडतात. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या ॲपचा असा दुरुपयोग होत असल्याबद्दल सावध केले होते. ॲप स्वतः वाईट नाही; ते कोणाच्या सांगण्यावरून घातले हे पाहावे. फसगत झालीच तर लाजून न बसता 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण वेळ जाईल तसे पैसे अडविणे कठीण होते.

आमच्या घरी आता राउटरशेजारी भिंतीवर एक कागद चिकटविला आहे. पुण्याहून फोन आला म्हणजे आमच्या मातोश्री चष्मा लावून तो वाचतात: संगणकाचा दिवा लागला आहे काय, राउटरचा कोणता दिवा तांबडा आहे, शेजाऱ्यांकडे इंटरनेट चालते काय. एवढ्यावर निम्म्या वेळा दोष सापडतो. कागदाच्या तळाशी मोठ्या अक्षरात लिहिले आहे की, टाचणीस हात लावू नये.