नावेवरील आकडा : प्रवासी-क्षमता आणि सुरक्षित भार

(बी. कॉम. भाग २, मराठी विभाग)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने नौकेवर लेख लिहावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु नौका किती माणसे नेऊ शकते हा प्रश्न जितका पदार्थविज्ञानाचा, तितकाच हिशेबाचाही आहे. शिवाय आपल्या महाविद्यालयांच्या वार्षिक सहली कारवार, मालवण, तारकर्ली, गोवा अशा पाण्याच्या गावांनाच बहुधा जातात. तेव्हा हा विषय आपल्या दारचाच म्हणावा लागेल.

अलीकडील चार घटना प्रथम पाहू. केरळातील पेरियार जलाशयात ३० सप्टेंबर २००९ रोजी पर्यटकांची दुमजली नौका उलटून ४५ जण मृत्युमुखी पडले. कारवारजवळ २१ जानेवारी २०१९ रोजी कुर्मगड बेटावरील नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी नाव उलटली. १६ जण दगावले. केरळातच तानूर येथे ७ मे २०२३ रोजी २२ जणांचा बळी गेला. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडाल्या. ठिकाणे निराळी, पाणी निराळे. पण नावेत माणसे अधिक होती ही गोष्ट वृत्तांतून पुन्हा पुन्हा येते.

भार आणि तोल

आर्किमिडीजचा नियम आपण शाळेतच शिकलो : तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. हा नियम होडीला लावून पाहू. समजा, एका होडीने पाण्याचा सुमारे ६ चौरस मीटर पृष्ठभाग व्यापला आहे. ती एक सेंटीमीटर खाली जाण्यास ०.०६ घनमीटर पाणी, म्हणजे ६० किलो वजन लागेल. थोडक्यात, एक माणूस चढला की होडी एक सेंटीमीटर बसते. पाच माणसे जास्त घेतली तरी काठ पाच सेंटीमीटरच खाली येतो. काठावर उभ्या असलेल्याला त्यात काही विशेष दिसत नाही. ‘अजून चार बसतील’ हा अंदाज यातूनच निघतो.

खरा धोका सरळ बुडण्यात नसून कलण्यात आहे. माणसे एका बाजूला सरकली की त्या बाजूचा काठ झपाट्याने खाली जातो, आणि आधीच्या जादा भाराने काठ व पाणी यांतले अंतर कमी झालेले असल्यास पाणी आत येऊ लागते. आत आलेले पाणी खालच्या बाजूकडेच धावते व कल आणखी वाढवते. माणसे उभी राहिली किंवा वरच्या मजल्यावर गेली की गुरुत्वमध्य वर चढतो आणि नाव पूर्ववत सरळ होण्याची शक्ती घटते. म्हणून नावेतील माणसांची संख्या, त्यांचे वजन आणि त्यांची जागा या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

क्षमता-पट्टीची पद्धत

मालवाहू जहाजांच्या बाबतीत हा विचार फार पूर्वी झाला. ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद सॅम्युएल प्लिमसोल यांच्या चळवळीमुळे १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा काढणे आवश्यक झाले. मात्र ती रेषा कोठे काढायची हे आरंभी मालकाच्याच मर्जीवर होते. ती नियमाने ठरू लागली १८९० नंतर. ज्याला जादा भारातून नफा मिळतो त्यालाच भाराची मर्यादा ठरवू देणे किती व्यर्थ, याचा हा जुना धडा आहे.

लहान सहल-नौकांसाठी अमेरिकेने १९७१ साली कायदा केला. त्यानुसार १ नोव्हेंबर १९७२ पासून बांधल्या जाणाऱ्या, वीस फुटांपेक्षा कमी लांबीच्या, एकाच सांगाड्याच्या यांत्रिक नौकांवर क्षमता-पट्टी लावणे निर्मात्यास बंधनकारक झाले. शिडाच्या होड्या, कनू, कयाक व हवा भरून फुगवायच्या नौका यांस त्यातून सूट आहे. पट्टी चालकाला सहज दिसेल अशी असावी लागते. तिच्यावर पुढील आकडे असतात : माणसांची कमाल संख्या ‘किंवा’ माणसांचे कमाल वजन, माणसे, इंजिन व सामान मिळून कमाल वजन, आणि बाहेरून बसवायचे इंजिन असल्यास त्याची कमाल अश्वशक्ती.

यातील ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नियमातील रीत अशी : माणसांसाठी ठरलेल्या वजनात ३२ पौंड मिळवावेत व १४१ ने भागावे. समजा, वजन ६७३ पौंड आहे. बेरीज ७०५, भागाकार ५. पट्टीवर लिहिले जाईल, ‘५ माणसे किंवा ६७३ पौंड’. आता ६७३ पौंड म्हणजे सुमारे ३०५ किलो. पंचाहत्तर किलोची चार माणसे बसली की ३०० किलो झाले. पाचव्याला जागा असली तरी भार उरला नाही. दोहोंपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल तिथे थांबायचे, हा त्या शब्दाचा अर्थ.

पट्टी नसलेल्या लहान नौकेसाठी तेथे एक ढोबळ सूत्रही वापरतात : फुटांतील लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. पंधरा फूट लांब व पाच फूट रुंद होडीत पाच माणसे. हे सूत्र शांत हवेपुरतेच आहे. वारा उठला असेल वा लाटा असतील तर आकडा कमी धरावा.

आकडा पाळूनही अपघात

पट्टीवर आकडा आहे म्हणून निर्धास्त राहावे काय? न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज या सरोवरात २ ऑक्टोबर २००५ रोजी ‘ईथन ॲलन’ ही पर्यटन-नौका उलटून २० प्रवासी मरण पावले. तिला ४८ प्रवाशांचा परवाना होता व तीत ४७ प्रवासी होते. म्हणजे कागदोपत्री सर्व ठीक होते! चौकशीत आढळले की १९६६ साली बांधलेल्या या नौकेवर पुढे लाकडी छत चढवले गेले होते आणि त्यानंतर तिचा तोल पुन्हा तपासलाच नव्हता. शिवाय माणशी १४० पौंड हे जुने वजन धरले होते. आजची माणसे त्याहून जड असतात. योग्य हिशेबाने त्या नौकेत फक्त १४ जण असायला हवे होते. पुढे अमेरिकेच्या तटरक्षक दलाने प्रवासी-नौकांसाठी गृहीत धरायचे सरासरी वजन १६० वरून १८५ पौंड केले. हा बदल डिसेंबर २०११ पासून लागू झाला.

तानूरच्या नौकेविषयीही ती मूळची मासेमारीची असून तिचे सहलीच्या नौकेत रूपांतर केले होते, असे वृत्तांत आले. नौकेत बदल झाला की जुना आकडा रद्द समजावा, हा यातील बोध आहे.

वाणिज्याच्या दृष्टीने

दहा माणसांच्या होडीची एक फेरी घेऊ. तिकीट शंभर रुपये. इंधन, नावाड्याची मजुरी, धक्क्याचे भाडे हे खर्च दहा माणसांना जवळजवळ तेवढेच, पंधरा माणसांना तेवढेच. जादा पाच जणांचे पाचशे रुपये बहुतांशी निव्वळ नफा. सीमांत उत्पन्न शंभर, सीमांत खर्च शून्याजवळ! धोक्याची किंमत मात्र मालकाच्या खतावणीत कोठेच पडत नाही. ती प्रवाशाच्या नावे पडते आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. क्षमता-पट्टी हीच माहिती विकणाऱ्याकडून घेणाऱ्यासमोर आणते. मापावरील शिक्का किंवा औषधाच्या बाटलीवरील मुदत जे काम करते, तेच हे काम.

आपल्या देशात १९१७ च्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा आला असून त्यात यांत्रिक नौकांची नोंदणी व सर्वेक्षण यांची तरतूद आहे. परंतु दप्तरातील दाखला धक्क्यावर उभ्या असलेल्या मुलाला दिसत नाही. तो आकडा नावेवर ठळक रंगवलेला हवा, आणि आपल्या भागात तरी मराठी व कन्नड दोन्ही लिप्यांत हवा. आपण होडी म्हणतो, आपले कन्नड मित्र दोणी म्हणतात. बुडताना दोघांची गत एकच.

सहल-समितीने काय करावे

पैसे देण्यापूर्वी क्षमता विचारावी व दाखला पाहावा. माणसे मोजताना नावाडी व मदतनीस धरावेत, सामानही धरावे. प्रत्येकाच्या अंगावर, लहान मुलांच्या मापासह, लाईफ जॅकेट असल्याशिवाय नाव सोडू देऊ नये. बाकाखाली ठेवलेले जॅकेट ऐनवेळी हाती लागत नाही. चढल्यावर दोन्ही बाजूंस सारखे बसावे. छायाचित्रासाठी वा मगर, डॉल्फिन पाहण्यासाठी सर्वांनी एका काठाकडे धावू नये. वारा वाढल्यास फेरी रद्द करावी.

आणि चाळीस विद्यार्थी असून नाव वीस जणांची असेल तर दोन फेऱ्या कराव्यात. त्यास तास-दीड तास जास्त लागेल, भाडेही दुप्पट पडेल. सहलीच्या अंदाजपत्रकात ही रक्कम आरंभीच धरून ठेवली, तर धक्क्यावर पोहोचल्यावर कोणाला घासाघीस करावी लागणार नाही.