‘पडूनच होता हो, वापरलाच नाही!’

अगं, हिमालयासाठी हलकं सामान हवंय आणि नव्याच्या किमती ऐकून तोंडचं पाणी पळालंय, म्हणून जुनं घेणार आहेस, हे बरंच केलंस. फक्त एक ऐक. ‘पाच-सहा वर्षं कपाटात पडून आहे, एकदाच वापरलाय’ असं कुणी म्हटलं की हुरळून जाऊ नकोस. चार पावसाळे खाल्लेला, पण दर वेळी नीट वाळवून ठेवलेला तंबू मी डोळे झाकून घेईन. पडून राहिलेला मात्र डोळे उघडे ठेवून.

हलक्या तंबूचं नुसतं नायलॉन पाणी अडवत नाही, अडवतो तो बहुधा त्याच्यावरचा पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवेतल्या ओलाव्यानं तो हळूहळू कुजतो, आणि मुंबई-कोकणात ओलाव्याला काय तोटा? म्हणून तंबू उघडल्याबरोबर आधी नाक आत घाल. आंबट, ओकारीसारखा वास आला, किंवा घडी उलगडताना कापड कापडाला चिकटून चर्रकन सुटलं, तर तिथल्या तिथे परत कर. निम्म्या किमतीत दिला तरी नको. नवा थर चढवता येतो म्हणतात. मला तो रिकामा उद्योग वाटतो. दोन्ही अंगांनी सिलिकॉन चढवलेल्या कापडाला हा रोग होत नाही. पण त्याच्या शिवणींवर टेप सहसा धरत नाही, त्या बहुधा घरी बसून सीलंटनं बुजवाव्या लागतात.

तळाच्या कापडाची परीक्षा वेगळी. खाली कोरडा टिश्यू पसर, वर कापड, त्यावर वाटीभर पाणी ओत आणि गुडघा टेकवून अंमळ बस. नुसतं पाणी पेलणारं कापडही गुडघ्याच्या दाबाखाली झिरपतं, आणि रात्री तंबूत तुझे गुडघे, कोपरं तिथेच टेकायची आहेत. टिश्यू ओला झाला तर समजून जा.

बुटांनाही ओलाव्याचा तोच रोग होतो. पडून राहिलेल्या बुटाच्या सोलचा मधला थर टाचेपाशी नखानं दाब. भुगा निघाला तर वरचं कातडं कितीही चकचकीत असो, हिमालय दूरच, इथली टोलार खिंड चढेपर्यंतच सोल हातात येईल.

स्लीपिंग बॅग पिसांची असेल तर विकणाऱ्याला विचार, घरी कशी ठेवली होती? घट्ट पिशवीत वर्षानुवर्षं कोंबलेली पिसं पुन्हा पूर्ण फुगत नाहीत. बॅग पसरून ठेव, चहा पी, मग बघ किती वर आली. उजेडासमोर धरलीस की रिकामे कप्पे दिसतातच. गुठळ्या बोटांनीही चाचपून बघ. लेबलवर तीन आकडे असतील तर आपण बायकांनी ‘कम्फर्ट’चा धरायचा, ‘लिमिट’ पुरुषांच्या हिशेबानं काढलेला असतो. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचेल, झोप विसर. दुकानदार नेमका तोच ठळक सांगतात!

हवेची मॅट रात्रभर फुगवून तिच्यावर झोप. सकाळी पाठ जमिनीला टेकली असेल तर टबात बुडवून बुडबुडे शोध. भोक ठिगळानं बुजतं. आतला पडदा सुटून मध्येच टेंगूळ आलं असेल, तर ती गेली.

जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा बरोबर ने. कंपनीनं लिहिलेल्या वजनात पेग, दोऱ्या, पिशवी धरलेली असतीलच असं नाही, आणि विकणारा तोच आकडा सांगतो. तूच सगळं एकत्र टांग. आणि चढाईचा दोर, हार्नेस असलं काही कुणी स्वस्तात देऊ लागलं तर हात लावू नकोस. त्या दोरानं काय सोसलंय हे वरून दिसत नाही. तिथे पैसे वाचवायचे नाहीत, बस.

उद्या तुलाच तंबू विकायची वेळ आली, तर धुऊन, उन्हात नव्हे, सावलीत वाळवून दे. उन्हानं नायलॉन विरतं. फोटो काट्यावर ठेवूनच काढ, म्हणजे वजनावरून वाद नाही. ठिगळ असेल तर पहिला फोटो ठिगळाचा. गिऱ्हाइकाला वाटीभर पाण्याची परीक्षा तुझ्यासमोर करू दे, मागाहून फोन येत नाहीत. पेग मोजून दे, आणि एखादा कमी असेल तर भाव ठरायच्या आधी सांग.