लग्नाचा वाढदिवस कळसूबाईवर

प्रश्न : डिसेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. दिवसा कळसूबाई आणि रात्री छानसं जेवण, असा बेत आहे. दोघंही पन्नाशीचे. रोज चालतो, पण यांचे गुडघे कधीमधी दुखतात. जमेल का?

उत्तर : ताई, तयारी केलीत तर जमेल. त्यांचे गुडघे आधी डॉक्टरांना दाखवा आणि महिनाभर जिने चढण्या-उतरण्याचा सराव करा.

कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. आदल्या रात्री भंडारदऱ्याला मुक्काम करा, हलकं जेवा आणि उजाडताच बारी गावातून चढायला लागा. वर पोचायला साधारण तीन तास धरा. लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवरच ठेवा. भरपूर पाणी, गूळ-शेंगदाणे सोबत घ्या. गुडघ्यांची खरी कसोटी उतरताना लागते. तेव्हा काठी टेकत, छोटी पावलं टाकत या. चढतानाच दुखू लागलं तर शिखराचा हट्ट न धरता परता.

रात्रीचं जेवण मुक्कामीच ठेवा. थकल्या अंगानं अंधारात घाटातून गाडी चालवू नका. आधी सांगून ठेवलंत तर चुलीवरची भाकरी, पिठलं नि ठेचा मिळू शकेल. दोघांना मनापासून शुभेच्छा!