धनुष्कोडी : एका बंद स्थानकाचा धडा

रामेश्वर बेटाच्या आग्नेय टोकाशी, दोन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर धनुष्कोडी हे रेल्वेचे अखेरचे स्थानक होते. काशी-रामेश्वराची यात्रा करणाऱ्या महाराष्ट्रीय भाविकांस हे नाव सेतुस्नानामुळे परिचित आहे. तथापि स्थानकाचे महत्त्व केवळ धार्मिक नव्हते.

२४ फेब्रुवारी १९१४ रोजी पांबनचा पूल खुला झाला आणि बेट मुख्य भूमीशी रुळांनी जोडले गेले. मद्रासहून निघणारी ‘बोट मेल’ धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागली. तेथून आगबोटीने तलैमन्नार व पुढे रेल्वेने कोलंबो, असा प्रवास होई. या रहदारीच्या आधाराने स्थानकाभोवती गाव वाढले.

२२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने हे सारे नष्ट केले. पांबनहून आलेली प्रवासी गाडी स्थानकाजवळ पोहोचत असतानाच लाटांनी गिळली; तीतील शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पांबनच्या पुलाचीही मोठी हानी झाली. तरुण अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. हेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वेचे शिल्पकार झाले.

पूल पुन्हा उभारला, स्थानक मात्र उभारले नाही. शासनाने धनुष्कोडी वस्तीस अयोग्य ठरविले आणि रेल्वे रामेश्वरपर्यंतच राहिली. २०१९ मध्ये नव्या मार्गाची पायाभरणी झाली. पण रूळ तेथे पुन्हा पोहोचलेले नाहीत.

या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, धोक्याची सूचना प्रत्यक्ष वाहतुकीशी जोडलेली हवी. पुढे पांबनच्या पुलावर वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरपलीकडे जाताच सिग्नल आपोआप लाल होण्याची सोय करण्यात आली. कोकण रेल्वेवरही वायुवेगमापक बसविलेले आहेत. दुसरी, जे उद्ध्वस्त झाले ते सर्व त्याच जागी पुन्हा बांधणे म्हणजे पुनर्वसन नव्हे; जागा सोडणे हाही नियोजनाचाच निर्णय असतो.

आपल्या किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी गावातून बाहेर पडण्याचे मार्ग किती व रात्री सूचना घरोघरी कोण पोहोचविणार, हे पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवणे अगत्याचे आहे. शिक्षकांनाही भूगोलाच्या तासाला धनुष्कोडीचे उदाहरण उपयोगी पडेल.